शेडनेट तपासायच्या पेटीत कुठलं ऊन भरायचं

मामांचं तासगावला बेदाण्याचं शेड आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी वरच्या हिरव्या नेटचा तुकडा माझ्या हातात दिला, मुठीत धरला तर पापडागत मोडला. "तीन वर्षं टिकंल म्हणून घेतलं होतं रे, हा दुसराच उन्हाळा," एवढंच म्हणाले. ते डोक्यातनं जाईना, म्हणून कुपवाडला आमच्या वर्कशॉपमध्ये यूव्ही टेस्ट चेंबर, म्हणजे उन्हातले अतिनील किरण (यूव्ही) पाडणारी पेटी, बांधायला घेतला, म्हणजे नेट विकत घ्यायच्या आधीच त्याला ऊन दाखवून बघता येईल.

पहिली चूक ट्यूबची झाली. करोनात जंतू मारायला म्हणून ज्या ट्यूब सगळीकडं मिळायला लागल्या होत्या, २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, त्याच लावल्या. थोड्या दिवसांत तुकडे पिवळे पडून ठिसूळ झाले आणि मला वाटलं जमलं. पण यूव्ही स्टॅबिलायझर, म्हणजे प्लास्टिकला उन्हापासून वाचवणारं रसायन, घातलेलं नेट आणि साधं नेट दोन्ही सारखंच गेलं, तिथं खटकलं. आपल्या डोक्यावर येणाऱ्या उन्हात साधारण २९५ नॅनोमीटरच्या खालचं काही नसतंच, ते वरच ओझोन गाळून टाकतो. म्हणजे मी नेटला असलं ऊन दाखवत होतो जे तासगावात काय, पृथ्वीवर कुठंच जमिनीवर पडत नाही, आणि त्यानं प्लास्टिकमध्ये जी मोडतोड होते ती शेतात होणारच नाही.

मग यूव्हीए-३४० ट्यूब मागवल्या. २९५ ते ३६५ च्या पट्ट्यात त्यांचा प्रकाश दुपारच्या उन्हाशी चांगला जुळतो, आणि प्लास्टिकचं मुख्य नुकसान तिथंच होतं. ३१३ वाल्या ट्यूब रिझल्ट लवकर देतात पण त्याही २९५ च्या खाली उतरतात, म्हणून नको म्हटलं. ३६५ चे एलईडी स्वस्त पडतात पण एकाच बारीक पट्टीत चमकतात, खालचं सगळं ऊन राहूनच जातं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो प्रकाश सगळीकडं सारखा पाडण्यात. ट्यूब टोकांना मंद असते, आणि नमुने फार जवळ ठेवले तर ट्यूबखाली जास्त आणि मधल्या फटीत कमी असे पट्टे पडतात. मी आतनं पांढरा ऑइलपेंट मारला होता, दिसायला लख्ख, पण त्यातला टायटॅनियम डायऑक्साइड यूव्ही गिळतो, म्हणजे यूव्हीच्या हिशेबानं भिंती काळ्याच! तो खरवडून चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. तपासायला यूव्ही मोजायचा मीटर एकच होता, मग हळदीची आठवण झाली, सांगलीत हळदीला काय तोटा. कापडावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे एकाच हळदीच्या पाण्यात बुडवले, सावलीत वाळवून नमुन्यांच्या जागी चौकटीत लावले, आणि कुठं किती फिकट झालं ते डोळ्यांनी दिसलं. किती डोस पडला हे त्यावरनं कळत नाही, त्याला मीटरच पाहिजे, पण कुठं कमी कुठं जास्त हे लगेच कळतं. कोपरे कमी पडले, म्हणून कडेच्या जागा सोडून दिल्या आणि उरलेल्या नमुन्यांच्या जागा दर आठवड्याला बदलतो. ट्यूबसुद्धा जुनी होत जाते तशी मंद होते, त्यामुळं मीटर बघून चोकमधनं करंट वाढवायची सोय ठेवलीय.

दाराला लिमिट स्विच लावलाय, दार उघडलं की ट्यूब बंद, डोळ्यांच्या बाबतीत तडजोड नाही.

नुसतं ऊन पण पुरत नाही, रात्रीचं दव पण नेटला खातं. एएसटीएम जी१५४ या असल्या चाचण्यांच्या मानकातली नेहमीची सायकल घेतली, ८ तास यूव्ही ६० अंशाला, त्याची तीव्रता ३४० नॅनोमीटरला ०.८९ वॅट प्रति चौरस मीटर प्रति नॅनोमीटर, मग ट्यूब बंद करून ४ तास ५० अंशाला वाफेचं पाणी नमुन्यावर धरायचं.

मामांचा प्रश्न एकच, "किती तास म्हणजे एक वर्ष?" मी त्यांना स्पष्ट सांगितलं की असा एक आकडा नाहीच, प्लास्टिक बदललं की हिशेब बदलतो, रंग बदलला तरी बदलतो. म्हणून त्याच रोलमधले तुकडे गच्चीवर पण टांगलेत, दक्षिणेकडं तोंड करून १७ अंशात कललेल्या फ्रेमवर, सांगलीचा अक्षांश साधारण तेवढाच आहे. चेंबरमधला तुकडा आणि गच्चीवरचा तुकडा दर महिन्याला ओढून बघतो, किती ताणाला तुटतो ते वहीत लिहितो. मामांच्या शेडवरचं नवीन नेट पण त्याच रोलचं आहे, त्याचाही एक तुकडा दिवाळीला कापून आणायचाय.