न गळणारं छत

लेकीकडे डब्लिनला होतो, त्या तीन आठवड्यांत स्वच्छ ऊन चार-पाचदा पडलं असेल. पाऊसही आपल्यासारखा धो धो नाही. चाळणीतून पीठ गळावं तसा दिवसभर भुरभुरतो. अशाच भुरभुरीत तिने आम्हांला न्यूग्रेंजला नेलं. बॉइन नदीकाठचं हे प्राचीन थडगं डब्लिनहून मोटारीने तासाभरावर आहे.

"बाबा, हे पिरॅमिडच्याही आधीचं आहे बरं का," ती म्हणाली. मी नुसतं हुं केलं. आपल्याकडे दर चार गावांमागे एक देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं, त्यामुळे असल्या वयाचं मला फारसं अप्रूप नाही.

लांबून दिसतो तो गवताचा भलाथोरला ढीग, 85 मीटर रुंद. पुढच्या अंगाला पांढऱ्याशुभ्र गारगोट्यांची भिंत. ती विसाव्या शतकात पुन्हा रचलेली आहे आणि पूर्वी ती तशीच उभी होती का, यावर जाणकारांत वाद आहे. मला तरी ती नव्या बंगल्याच्या कंपाउंडसारखी वाटली. दाराशी आडवा पडलेला, वेटोळी कोरलेला दगड मात्र बघत राहावा असा.

आतली वाट 19 मीटरची. कुठे वाकून, कुठे अंग चोरून जायचं. हिचा पदर दगडाला अडकला, माझं पोट. शेवटी दालनात पोचलो की गाइड दिवे घालवते. मग दारावरच्या झरोक्यातून एक पिवळी तिरीप जमिनीवरून सरकत येते. ती अर्थात विजेच्या दिव्याची. खरी तिरीप डिसेंबरात, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपास उगवत्या सूर्याची येते आणि जेमतेम 17 मिनिटं टिकते. ती आतून बघायला सोडतीत नाव लागावं लागतं. आणि नाव लागूनही ढग आले तर गेलं. 1967 साली प्राध्यापक ओकेली यांनी उत्खनन चालू असताना ती पाहिली.

"अगंबाई, किरणोत्सव!" ही अंधारात कुजबुजली. ती माहेरची कोल्हापूरची. तिथे मावळतीचे किरण अंबाबाईच्या पायांपासून चढत जातात, इथे उगवतीचे जमिनीवरून आत येतात. ढगांची धाकधूक मात्र दोन्हीकडे सारखीच.

दिवे लागले आणि सगळे पुन्हा त्या झरोक्याच्या बाजूला बघू लागले. मी वर पाहिलं. सहा मीटर उंच छत. मोठाल्या शिळा एकीवर एक, प्रत्येक जरा पुढे सरकवलेली, आणि सर्वांत वर झाकणासारखा एक दगड. चुना नाही, सिमेंट नाही. बाहेर पाऊस, आणि आत एक थेंब नाही. गाइडने सांगितलं, पाच हजार वर्षं हे छत कोरडं आहे.

हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. आमच्या ठाण्याच्या इमारतीचं वय बत्तीस. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीनदा झालं, दर वेळी दहा वर्षांच्या गॅरंटीसकट, आणि दर जुलैत आमच्या हॉलच्या कोपऱ्यात बादली असते.

"कसं केलं म्हणे त्यांनी?" मी लेकीला विचारायला लावलं. तर शिळांच्या वरच्या अंगाला पाणी वाहून जायला पन्हळी कोरल्या आहेत आणि फटींत भाजलेली माती अन् समुद्राची वाळू ठासली आहे. धातूचं हत्यार हातात नसलेल्या शेतकऱ्यांचं हे काम. त्या भाजलेल्या मातीतल्या कोळशावरूनच पुढे बांधकामाचा काळ कळला, इसवी सनापूर्वी सुमारे 3200. म्हणजे पिरॅमिडच्या आधीचं हे गळती बुजवणाऱ्याच्या हातामुळे ठरलं. हुं केल्याचं मला जरा वाईट वाटलं.

बसमध्ये बसल्यावर फोन सुरू केला. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप होता: गच्चीच्या कामासाठी नवीन कोटेशन आलं आहे, रविवारी सर्वांनी मीटिंगला यावे.

"काय झालं हो?" हिने विचारलं.

"बादली काढून ठेवायला सांग शेजारच्यांना," मी म्हणालो.