कंपायलर कुठे आणि कुठला

श्रीवर्धन, आषाढ. रात्रीचे साडेदहा.

साडेसातला गेलेली लाइट दहाला आली. मधल्या वेळेत लॅपटॉपच्या बॅटरीवर एका मेकफाइलशी झटापट (कोडपासून चालणारा प्रोग्राम कसा बनवायचा ते लिहिलेली फाइल, ती 'मेक' हे टूल वाचतं). पुण्याहून निघताना सरांना म्हटलं होतं, चार ओळींचं काम आहे, गावी बसून करून देतो. आज पाचवा दिवस.

टाकीतल्या पाण्याची पातळी मोजणारं जुनं बोर्ड, कॉर्टेक्स-एम३ या आर्म प्रोसेसरचं. ज्याने कोड लिहिला तो नोकरी सोडून गेला, ज्या मशिनवर बिल्ड व्हायचं ते भंगारात गेलं. मागे राहिली मेकफाइल आणि तिच्यात कंपायलरचा (कोड मशिनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामचा) अख्खा पाथ, म्हणजे मशिनवरचा पत्ता: सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, जीएनयू टूल्स एआरएम एम्बेडेड, ४.९ २०१५क्यू३ (ही कंपायलरची आवृत्ती), बिन. नावात स्पेस आली की मेक तिथेच नाव तोडतं, म्हणून बुवाने विंडोजचं आखूड नाव घातलेलं, 'प्रोग्रा~२'. ते २ त्या मशिनवर कुठलं फोल्डर आधी तयार झालं त्यावर ठरलेलं. शिव्या घालायला बसलो होतो, पण स्पेसमुळे माझेही दोन दिवस कधीतरी गेलेत, तेव्हा सोडून दिलं.

माझा लॅपटॉप लिनक्सचा. पाथ काढला आणि मोठ्या रुबाबात 'सीसी ?=' लिहून (सीसी म्हणजे कंपायलर कुठला ते सांगणारं व्हेरिएबल) पुढे आर्मसाठीचा जीसीसी हा कंपायलर दिला. म्हणजे बाहेरून कोणी दिला तर तो, नाहीतर हा. मेकने दोन्ही सोडून लॅपटॉपचाच जीसीसी उचलला आणि 'एमथम्ब' हा आर्मचा ऑप्शन ओळखत नाही म्हणून रडायला लागलं. मेकच्या पोटात सीसीला आधीपासूनच किंमत दिलेली असते. प्रश्नचिन्हवाल्या असाइनमेंटला वाटतं, हे तर भरलेलंच आहे. इतकी वर्षं मेकफाइली लिहितोय आणि हे आज कळलं. मग लिनक्स कर्नलवाल्यांची रीत धरली: 'क्रॉस_कंपाइल' हा उपसर्ग वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, त्याला प्रश्नचिन्ह, आणि सीसी म्हणजे तो उपसर्ग जोडलेलं जीसीसी.

आता बिल्ड झालं. एकही एरर नाही. लिनक्स ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्या यादीत जो आर्म कंपायलर पहिला सापडला तो मेकने घेतला, म्हणजे गेल्या वर्षी उबुंटू या माझ्या लिनक्सबरोबर टाकलेला. सहज म्हणून साइझ बघितली, तर ग्राहकाकडे गेलेल्या हेक्सपेक्षा (बोर्डात भरायची तयार फाइल) काही शे बाइटचा फरक. माझ्या चार ओळींनी एवढं होत नाही.

तेव्हा त्या कुरूप पाथकडे पुन्हा बघितलं. त्यात कंपायलर कुठे आहे हे होतं आणि कुठला आहे हेही होतं. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये '४.९ २०१५क्यू३' हे तेवढ्या एकाच जागी लिहिलेलं. रीडमी नाही, रिलीज नोट नाही. 'कुठे' काढून टाकायच्या उत्साहात मी 'कुठला' पण पुसायला निघालो होतो.

मग २०१५क्यू३ ची लिनक्स टारबॉल, म्हणजे एकत्र गुंडाळलेल्या फाइली. रेंज पडवीतल्या झोपाळ्यावरच येते, तीही डाव्या टोकाला, त्यामुळे फोन दोरीला बांधून तासभर डाउनलोड. आईला वाटलं, पोर नुसतं झोके घेतंय. एक्स्ट्रॅक्ट करून चालवलं तर म्हणे, 'अशी फाइल नाही'. फाइल तर डोळ्यांसमोर! ती ३२ बिटची निघाली. तिच्या ईएलएफ हेडरमध्ये (प्रोग्रामच्या फाइलीच्या सुरुवातीची माहिती) ३२ बिटच्या लोडरचा, म्हणजे तो प्रोग्राम सुरू करून देणाऱ्याचा, पूर्ण पाथ कोरलेला असतो, तो लोडर माझ्या मशिनवर नाही, आणि एरर त्याच्या नावाने न येता कंपायलरच्या नावाने येते. पूर्ण पाथ नकोत म्हणून निघालो आणि हत्याराच्या पोटातच एक सापडला. हा मात्र तिथे असायलाच हवा. ३२ बिटची लायब्ररी टाकली, काम झालं.

साइझ जवळ आली, तरी जुळेना. जुन्या बायनरीवर 'स्ट्रिंग्ज' (फाइलीतला वाचता येणारा मजकूर काढणारं टूल) चालवलं, तर त्यात आधीच्या गड्याच्या डेस्कटॉपवरचं फोल्डर, नावानिशी, प्रत्येक असर्टसाठी (कोडमधली चूक पकडणाऱ्या तपासणीसाठी) एकदा. सोर्स फाइली पूर्ण पाथने दिल्या की तोच पाथ 'फाइल' मॅक्रोतून (कोडमध्ये फाइलीचं नाव भरणारा शब्द) बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत जाऊन बसतो. वर्षानुवर्षं ग्राहकांच्या टाक्यांवर त्याचा डेस्कटॉप लटकतोय. पाथ छाटणारा 'फाइल-प्रीफिक्स-मॅप' हा ऑप्शन जीसीसी ८ पासूनचा, इथे उपयोग नाही. रिलेटिव्ह पाथने, म्हणजे चालू फोल्डरपासूनच्या पत्त्याने, कंपाइल केलं. माझ्या चार ओळी बाजूला ठेवून ताडलं, तर फरक उरला तो नुसता त्या नावांचा आणि त्यामुळे सरकलेल्या ॲड्रेसचा.

शेवटी मेकफाइलच्या डोक्यावर एक तपासणी: कंपायलरने 'डंपव्हर्जन' ऑप्शनला सांगितलेली आवृत्ती ४.९.३ (२०१५क्यू३ ची) नसेल तर बिल्ड तिथेच थांबवायचं आणि काय हवंय ते सांगायचं. मुद्दाम उबुंटूवाला जीसीसी दिला. थांबलं. बरं वाटलं.

मेकफाइलच्या फ्लॅश टार्गेटमध्ये (बोर्डात कोड भरायचा भाग) प्रोग्रामरच्या, म्हणजे कोड भरणाऱ्या उपकरणाच्या, सॉफ्टवेअरचा पाथ अजून तसाच आहे. बोर्ड हातात आल्याशिवाय त्याला हात लावत नाही. बोर्ड आजच यायचं होतं. कुरियरवाल्याला आबांनी फोनवर पत्ता सांगितला: "फणसाकडून आत वळ." तो फणस ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पडला, वाडीतल्या निम्म्या पोफळींबरोबर. आळीतल्या सगळ्यांना अजून फणसाकडूनच वळता येतं. पोरगा नवीन होता, बंदरापर्यंत जाऊन परत गेला. उद्या फोन मी घेणार.