तुम्ही विचारलंत म्हणून: मी डाकोटांची बाजू का घेते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत, मिनेसोटातल्या मॅनकेटोत आमच्याकडे राहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण लायब्ररीसमोरचा तो पांढऱ्या दगडाचा बायसन आणि १८६२च्या लढाईनंतर फाशी दिलेल्या ३८ डाकोटांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, नावं बघतो आणि गाडीत बसता बसता मला हेच विचारतो, की फाशी वाईटच, पण त्या लोकांनी शेतकऱ्यांची बायकापोरं मारली ना, मग तू त्यांची बाजू कशी काय घेतेस.

हो, मारली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटतं मी ते झाकतेय. १८ ऑगस्ट १८६२ला न्यू उल्मजवळच्या मिलफर्डमधे जर्मन शेतकऱ्यांची कुटुंबंच्या कुटुंबं घरात, शेतात मारली गेली, एका दिवसात पन्नासएक माणसं, त्यात लहान मुलंही. एकूण गोऱ्या मृतांचा आकडा सहाशेच्या पुढे सांगतात. त्यातले कित्येक नुकते बोटीतून उतरलेले, कुठला तह कोणी मोडला हे त्यांच्या कानावरही गेलं नसेल. युद्धात असं होतंच, असं मी म्हणणार नाही.

पूर्वी मी अशा वेळी १८५७ काढायचे. कानपूरच्या बीबीघरात इंग्रज बायकामुलांना मारून विहिरीत टाकलं ते माहीत असूनही आपण नानासाहेबांच्या बाजूनेच बोलतो ना, मग इथे का वेगळा न्याय? समोरचा गप्प व्हायचा आणि मला बरं वाटायचं. आता ते काढत नाही, कारण कानपूरच्या विहिरीने मिलफर्डच्या पोरांचा हिशोब लागत नाही, आणि तो माझा मलाही लागलेला नाहीये.

पण तुम्ही गोष्ट सुरू करता तीच १८ ऑगस्टला. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८५१च्या तहात डाकोटांनी दक्षिण मिनेसोटातली जवळपास सगळी जमीन दिली, आणि तिच्या पैशातला मोठा वाटा हातात यायच्या आधीच उधारी म्हणून व्यापाऱ्यांनी कापून घेतला. १८५८मधे मिनेसोटा नदीच्या उत्तरेची, त्यांच्याकडे उरलेली पट्टीपण गेली. १८६२च्या उन्हाळ्यात तहाचे वर्षाचे पैसे थकलेले, गोदामात धान्य असून मिळत नाही, व्यापारी उधार देत नाहीत, घरात उपास. आणि ते ७१,००० डॉलर सोन्याच्या नाण्यांत फोर्ट रिजली या किल्ल्यावर पोचले कधी, तर १८ ऑगस्टलाच, लढाई पेटून काही तास झाल्यावर. हे वाचलं की मला अजूनही संताप येतो. ताओयातेदुता, ज्याला गोरे लिटल क्रो म्हणायचे, त्याने तरुणांना आधी बजावलं होतं की गोरे संपणार नाहीत, आपण संपू, आणि तरीही शेवटी तो त्यांच्यासोबत उभा राहिला. सगळे डाकोटा राहिले नाहीत. बऱ्याच जणांचा लढाईला विरोध होता, काहींनी गोऱ्या कैद्यांना लपवलं, जेवू घातलं, सोडवलं.

आता चास्का नावाच्या एका डाकोटाबद्दल, कारण मी का बाजू घेते याचं खरं उत्तर तिथे आहे. सेरा वेकफिल्ड ही अप्पर एजन्सीच्या डॉक्टरची बायको (एजन्सी म्हणजे डाकोटांचा कारभार बघणारं सरकारी ठाणं). त्याच १८ तारखेला ती दोन मुलांना घेऊन घोडागाडीतून किल्ल्याकडे निघाली होती, गाडी हाकत होता एजन्सीचा कारकून ग्लीसन. वाटेत हापा आणि चास्का हे दोघे भेटले. हापाने ग्लीसनला गोळी घातली आणि तो सेराकडे वळला, तेव्हा चास्का मधे पडला. पुढचे सहा आठवडे चास्का आणि त्याच्या आईने तिला आणि मुलांना सांभाळलं. डाकोटा हरले, कैद्यांची सुटका झाली आणि डाकोटांवर खटले सुरू झाले, लष्करी आयोगापुढे, वकील नाही, काही खटले पाच मिनिटंही चालले नाहीत, ३९२ जणांची सुनावणी आणि ३०३ जणांना फाशीची शिक्षा. आयोग नेमणारा कोण, तर हेन्री सिब्ली, १८५१ला उधारी कापून घेणाऱ्या व्यापाऱ्यांतला एक. सेरा आयोगापुढे गेली आणि या माणसामुळे मी आणि माझी मुलं जिवंत आहोत असं सांगितलं. चास्काने स्वतः कबूल केलं होतं की ग्लीसनवर मीही बंदूक रोखली होती, पण ती उडाली नाही. तेवढं पुरलं. फाशी.

मग लिंकनने कागद मागवून स्वतः तपासले आणि ३९ नावं ठेवली, नंतर त्यातलं एक वगळलं. (लिंकनने २६५ जण वाचवले हे तुम्ही दर वेळी ऐकवता. खरं आहे, आणि त्यासाठी त्याला इथल्या मतदारांचा रोष पत्करावा लागला हेही खरं आहे.) केस नंबर ३चा हा चास्का त्या यादीत नव्हता. यादीत होता चास्कादोन, केस नंबर १२१. आणि २६ डिसेंबरला मॅनकेटोत फासावर चढवला केस ३चा चास्का. नावात गोंधळ झाला, असं नंतर सांगितलं. सेराने पुढच्या वर्षी सगळं छापून लोकांसमोर ठेवलं आणि ही नुसती चूक होती यावर माझा विश्वास नाही असं स्पष्ट लिहिलं. तोवर लोकांनी तिचं नाव त्याच्याशी जोडून तिची बदनामी केलेलीच होती. तिने एका माणसाचं खरं सांगितलं एवढाच तिचा गुन्हा.

आता मला सांगा, तुम्ही ज्या मापाने विचारता, निरपराध मारले म्हणून, त्याच मापाने चास्का कुठे बसतो? आणि त्या नोव्हेंबरमधे फोर्ट स्नेलिंगच्या छावणीत चालवत नेलेले सोळाशेच्या वर लोक, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे, ज्यांच्यावर वाटेत हेंडरसन गावात जमावाने दगड आणि उकळतं पाणी टाकलं, ज्यातले शंभराहून जास्त त्या हिवाळ्यात छावणीत मेले? १८६३च्या कायद्याने डाकोटांना मिनेसोटातून हाकललं. ताओयातेदुताला त्याच जुलैत मुलाबरोबर रासबेरी तोडताना गोळी घातली, आणि त्याचे अवशेष १९७१पर्यंत पुरले गेले नाहीत.

"मग तुझं घर परत दे त्यांना," हेही मला ऐकवून झालंय. घर १८५१च्या तहाच्या जमिनीवरच आहे, आणि मी ते दिलेलं नाही, देणारही नाहीये बहुधा. पण राज्याने अप्पर सू एजन्सीचं पार्क (सू म्हणजे डाकोटाच) २०२४मधे अप्पर सू लोकांना परत दिलं, तेव्हा मी त्याच्या बाजूने बोलले आणि आमच्यातल्याच काहींनी आता तिथे ट्रेकला कुठे जायचं म्हणून तक्रार केली. त्या जमिनीत त्यांची माणसं पुरलीयत हो.

पुढच्या वेळी आलात की मी तुम्हाला आधी मिलफर्डला नेणार आहे, स्मारकावरची नावं वाचायला, आणि मग लोअर एजन्सीच्या त्या दगडी गोदामापाशी. तिथे उभं राहून विचारा मला परत. तेव्हाही मी डाकोटांचीच बाजू घेईन, आणि मिलफर्डच्या पोरांबद्दल तुम्ही विचाराल तेव्हा तेव्हाही माझ्याकडे उत्तर नसेल.