तुम्ही विचारलंत म्हणून: टेक्सासमधल्या हिवाळी वादळाची घरची तयारी

दिवाळी उलटून सकाळी गारवा जाणवायला लागला की डॅलसच्या आसपास नुकतं घर घेतलेली आपली मंडळी हमखास विचारतात, "टेक्सासमध्ये खरंच थंडीची एवढी तयारी लागते का? आणि लागतच असेल तर नेमकं करायचं काय?" फ्रिस्को, प्लेनो, आयर्व्हिंग या भागात मराठी घरं आता पुष्कळ आहेत. जुलैत चाळीस अंशांचा उन्हाळा काढलेल्या माणसाला इथे नळ गोठतील हे पटत नाही, यात नवल नाही.

माझं उत्तर असं, की वीज जाणार हे धरून चाला आणि त्या हिशोबाने घर तयार ठेवा. वीज असेपर्यंत इथली थंडी कुणालाही निभावते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमकं तेच झालं. कडाक्याच्या थंडीत गॅसच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रं आणि पवनचक्क्या बंद पडल्या, आणि त्याच वेळी घराघरातल्या हीटरमुळे विजेची मागणी प्रचंड वाढली. टेक्सासचं ग्रिड, म्हणजे वीज पोचवणारं जाळं, देशातल्या दोन मोठ्या ग्रिडपासून जवळजवळ वेगळं आहे, त्यामुळे बाहेरून फारशी वीज घेता येत नाही. १५ तारखेच्या उत्तररात्री ग्रिड सांभाळणाऱ्या एर्कॉटने वस्त्यांची वीज तोडायला सांगितलं. सगळं ग्रिडच कोसळण्यापासून ते ४ मिनिटं ३७ सेकंद दूर होतं, हे नंतर बाहेर आलं. ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली, कित्येकांची दोन-तीन दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी डॅलसच्या विमानतळावर पारा उणे १९ सेल्सियसवर होता. राज्याच्या आरोग्य खात्याच्या नोंदीप्रमाणे २४६ माणसं गेली. त्यातली सुमारे दोन तृतीयांश गारठून गेली, आणि कितीतरी जण तर स्वतःच्या घरात.

"आमचा हीटर गॅसवर चालतो, मग वीज गेली तर काय बिघडलं?" असं पुष्कळ जण म्हणतात. गॅस चालू असला तरी गरम हवा घरभर खेळवणारा पंखा विजेवरच चालतो. वीज गेली की तो हीटर बंदच समजा. भिंतीवर बसवलेल्या, टाकी नसलेल्या वॉटर हीटरचंही तसंच. तो गोठू नये म्हणून आत छोटं हीटिंग असतं, तेही विजेवर. वीज गेली की त्यातलं पाणी काढून टाकावं लागतं. कसं काढायचं ते आजच प्लंबरकडून समजून घ्या, त्या रात्री एकही प्लंबर मिळत नाही.

आता पाण्याबद्दल सविस्तर सांगते, कारण घराची धूळधाण पाण्यामुळेच होते. इथली घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. पुष्कळ घरांत पाण्याचे पाइप अ‍ॅटिकमधून, म्हणजे खोलीचं छत आणि वरचं छप्पर यांच्यातल्या पोकळीतून, नेलेले असतात आणि तिथे बाहेरच्याइतकीच थंडी शिरते. पाइपमध्ये बर्फाचा बोळा तयार झाला की त्याच्या आणि बंद नळाच्या मधल्या पाण्यावर दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो. नळ थोडा उघडा ठेवला तर तो दाब निघून जातो. म्हणून पारा २० फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ७ सेल्सियसच्या आसपास जाणार असेल तर बाहेरच्या भिंतीलगतचे नळ आणि पाणी घरात येतं तिथून सगळ्यात लांबचा नळ रात्रभर ठिबकत ठेवा, गरम आणि थंड दोन्ही बाजूंनी. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाका. अंगणातल्या नळाची नळी काढून त्यावर फोमचं टोपण बसवा.

फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गप्प असतो. आमच्या गल्लीतल्या एका घरी ऊन पडून बर्फ वितळायला लागल्यावर वर कुणीतरी शॉवर सोडल्यासारखा आवाज यायला लागला. दिवाणखान्याच्या छताला आधी पोक आलं, मग छताचा अख्खा तुकडा खाली आला आणि त्यामागून अ‍ॅटिकमधला इन्सुलेशनचा ओला लगदा सोफ्यावर, गालिच्यावर, मुलांच्या पुस्तकांवर पडला. मेन कॉक, म्हणजे घराचं सगळं पाणी बंद करायचा कॉक, कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्या शोधाशोधीत खालचा सगळा मजला भिजला.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला: या रविवारी मेन कॉक शोधा. बहुतेक घरांत तो रस्त्याकडेच्या मीटरजवळ, जमिनीतल्या झाकणाखाली असतो. झाकण उघडायची आणि कॉक फिरवायची लांब दांड्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळते. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा तो बंद करून परत उघडून बघावा. वीज बराच वेळ आली नाही आणि घर अगदीच थंड पडत चाललं, तर वॉटर हीटर बंद करा, मग कॉक बंद करून सगळे नळ उघडा आणि पाइप रिकामे करा. त्याआधी टब, बादल्या, मोठी पातेली भरून ठेवलेली असावीत. प्यायचं पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, निदान तीन दिवस पुरेल इतकं. २०२१ मध्ये कितीतरी गावांत नळाला आलेलं पाणीही उकळून प्या असं सांगावं लागलं होतं.

राहायला एकच खोली निवडा, छोटी आणि कमी खिडक्यांची. खिडक्यांना रजया लावा, दाराच्या फटीत टॉवेल कोंबा, सगळ्यांनी तिथेच झोपा. आईने शिवून दिलेल्या गोधड्या अशा वेळी खरंच कामी येतात. एकीवर एक अशा दोन पांघरल्या की ऊब टिकते.

आणि हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते: घरात कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा जनरेटर लावू नका. गॅसच्या शेगडीवर चहा करा, पण खोली तापवायला ती पेटती ठेवू नका. ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाडी चालू करून बसू नका, गॅरेजचं दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये माणसं त्यानेही गेली. जनरेटर असेल तर घरापासून वीस फूट लांब, दारं-खिडक्या टाळून ठेवा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावा.

खाण्याची काळजी आपल्याकडे फार करावी लागत नाही. दशम्या, चटणी, चिवडा, लाडू, खाकरे एवढ्यावर तीन दिवस निघतात.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. उतारवयात थंडी अंगात शिरतेय हे चटकन कळत नाही, आणि "मला काही होत नाही" म्हणून ते स्वेटरही काढून ठेवतात. अंग थरथरत असेल, बोलणं अडखळत असेल, माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल तर लगेच गरम पांघरुणात घ्या आणि ९११ ला फोन करा. त्यांची औषधं दहा-पंधरा दिवसांची जास्तीची हवीत. इन्सुलिन गोठलं तर फेकून द्यावं लागतं, म्हणून ते गार पडलेल्या खोलीत न ठेवता माणसांबरोबरच त्या एका खोलीत ठेवा.