८३ किलोचं गौडबंगाल सुटलं (आणि वेल्डेड बोट रद्द)

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये तावातावानं लिहिलं होतं ना, की गळ टाकायला घेतलेली माझी जुनी, रिव्हेट ठोकून पत्रे जोडलेली ॲल्युमिनियमची बोट आहे तशी कोणाच्या तरी गळ्यात मारतो आणि सरळ नवी वेल्डेड (पत्रे वितळवून जोडलेली) घेतो? ते विसरा. वेल्डेडवाल्याला काल नकार कळवला. तो बिचारा नीट बोलला, मलाच ओशाळल्यासारखं झालं.

गणित तुम्हाला आठवत असेल. गाडीच्या छताची मर्यादा ७५ किलो, रॅकचे ६ गेले की बोटीसाठी ६९ उरतात. म्हणून १२३६ घेतली होती: १२ फूट लांब, तळाला ३६ इंच रुंद, १.६ मिमी पत्रा. कंपनीच्या तक्त्यात वजन ५५ किलो. आणि काट्यावर भरली ८३! २८ किलो जास्त. नवी वेल्डेड १२ फुटी, २.५ मिमी पत्र्याची, ७८ किलोची. म्हणजे ती जाड पत्र्याची असूनही माझ्या 'हलक्या' बोटीपेक्षा हलकी. छतावर दोन्ही चढत नाहीत, ट्रेलर लागणारच, मग रिव्हेटची कटकट कशाला, असा माझा सूर होता.

पण तो आकडा डोक्यातून जाईना. तळ, दोन्ही बाजू, ट्रान्सम (मोटर लागते ती मागची उभी भिंत) आणि तीन बाकं धरून पत्रा साधारण साडेनऊ चौरस मीटर होतो. १.६ मिमी ॲल्युमिनियम एका चौरस मीटरला ४.३ किलो, म्हणजे पत्र्याचे ४१. बरगड्या, काठाची पट्टी, ट्रान्समचं प्लाय मिळून १४-१५. बेरीज ५५-५६. तक्ता खोटं बोलत नव्हता. प्लायची फरशी आणि कार्पेट मी आधीच उपटून टाकलं होतं. मग २८ किलो दडलंय कुठे?

पहिला संशय रंगावर. आधीच्या मालकानं थरावर थर चढवलेत, पण रंग खरडून खरडून काढला तरी चार-पाच किलोंच्या वर जाणार नाही, आणि तो सगळ्या बोटीवर सारखा पसरलेला असणार. म्हणून ठरवलं की नुसतं किती नाही, कुठे आहे ते तोलायचं.

पद्धत सोपी आहे, कोणीही करा. हलच्या (बोटीच्या धडाच्या) खाली दोन आडवे पाइप, दोन्ही टोकांपासून ३३ सेंमी आत, म्हणजे मध्ये बरोबर ३ मीटर. एका पाइपखाली माणसं तोलायचा साधा काटा, दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीचा लाकडी ठोकळा. आकडा घ्या, मग काटा आणि ठोकळ्याची अदलाबदल करा. दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे वजन, आणि त्यांच्या प्रमाणावरून तोल कुठे आहे ते कळतं.

सोपी म्हणालो खरी, पण पहिल्या दिवशी बेरीज एकदा ७९ आली, एकदा ८६. मेव्हणा म्हणाला, "दाजी, बोट श्वास घेतेय." जमीन उताराची होती आणि अदलाबदलीत बोट कधी पुढे झुकायची, कधी मागे. पाणसळ लावून पाचर्‍या मारल्यावर तीनदा तोच आकडा आला: पुढे २६, मागे ५७. ५५ किलोचा निरोगी हल असता तर पुढे २५-२६ आणि मागे ३०च्या आत भरला असता. म्हणजे जास्तीचं सगळं वजन मागच्या टोकाला.

मागे म्हणजे ट्रान्सम! जुन्या बोटीत कुजतं तेच. दाभण टोचून पाहिलं तर खालचा कोपरा लोण्यासारखा मऊ. मला इतका आनंद झाला की मी पुढचा विचारच केला नाही. दोन रविवार ट्रान्समवर घातले. बोल्ट गंजून ॲल्युमिनियमला असे चिकटले होते की चार तर कापावेच लागले. वरची टोपीपट्टी न वाकवता काढणं हे तर वेगळंच प्रकरण. शेवटी प्लाय निघालं, काळं, ओलं, कुबट. काट्यावर टाकलं: साडेतेरा किलो. त्याच मापाचं कोरडं प्लाय साडेआठ भरतं.

२८ पैकी ५. दोन रविवारांची कमाई.

वेल्डेडवाल्याला 'बोट घेतो' म्हणून मी फोन केला तो याच संध्याकाळी. ज्यांनी तेव्हा 'घाई करू नकोस' लिहिलं त्यांचे आभार, आणि ज्यांनी 'रिव्हेट म्हणजे डोकेदुखी' लिहिलं त्यांच्याशी मी तेव्हा शंभर टक्के सहमत होतो.

रात्री झोप येईना म्हणून तोलाचा कागद पुन्हा काढला. आणि उत्तर तिथेच, माझ्याच अक्षरात लिहिलेलं! ट्रान्सम मागच्या पाइपच्याही ३३ सेंमी मागे आहे. तिथे २८ किलो लटकले असते तर सी-सॉसारखं पुढचं टोक उचललं गेलं असतं आणि पुढचा आकडा तीन किलोंनी घटून २२च्या आसपास आला असता. तो होता २६. म्हणजे वजन ट्रान्सममध्ये नाही, मागच्या पाइपच्या किंचित पुढे आहे. ट्रान्समपासून अंदाजे ४० सेंमी. तिथे काय आहे? मागचं बाक. त्याच बाकावर बसून मी दोन आठवडे ट्रान्समचे बोल्ट कापत होतो.

सकाळी चहाच्याही आधी बाकाच्या उभ्या पत्र्याला, तळापासून दोन बोटं वर, ६ मिमीचं भोक पाडलं. आधी काहीच नाही. ड्रिल बाहेर काढल्यावर तपकिरी पाण्याची बारीक धार लागली, ती दुपारपर्यंत थेंबथेंब चालू होती.

बाक उघडायला ४६ रिव्हेटची डोकी उडवावी लागली. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी: आधी सेंटर पंच मारा, मग आधी बारीक आणि मग रिव्हेटच्या मापाचा बिट, आणि फक्त डोक्याच्या जाडीपुरतंच खोल जा. पत्र्यातलं भोक मोठं झालं की पुढचा रिव्हेट सैल बसतो. माझी ४६ पैकी ३ बिघडली. स्वस्तातले बिट वापरू नका, ॲल्युमिनियम त्यांना च्युइंगमसारखं चिकटतं. थेंबभर तेल आणि कमी वेग.

आत फोम, बोट भरली तरी बुडू नये म्हणून ओतलेला. वरचा भाग पिवळा, कोरडा, कुरकुरीत. खालचा चॉकलेटी, पिळला तर पाणी. सगळा मिळून २५ किलो भरला. बाकाचं आकारमान जवळजवळ एक दशांश घनमीटर, आणि हा ओतीव फोम घनमीटरला ३२ किलोंच्या आसपास असतो, म्हणजे कोरडा असता तर तीन-सव्वातीन किलो. जास्तीचे २२ लिटर पाणी मी इतके दिवस उचलत होतो. ५ आणि २२ झाले २७, उरलेला १ किलो रंगाचा धरू. हिशेब इतका नेमका जुळला की मी तो कागद शेडच्या भिंतीला चिकटवलाय.

बंद बुडबुड्यांचा फोम पाणी पीत नाही हे खरं, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसवून ठेवला तर सावकाश पितो. इथे तेच झालं होतं. फोम थेट तळावर ओतल्यामुळे बाकाखालची पाणी वाहून जायची खाच बुजली होती. बोट उघड्यावर सरळ ठेवलेली असणार, पाऊस मागे साचत राहिला. आमच्यात पालथ्या बोटीला 'झोपलेली' म्हणतात, पण ती झोपलेलीच बरी.

आता गळती. पुढचं टोक उंच करून मागच्या भागात चाळीसेक लिटर पाणी घातलं आणि खाली चटई टाकून पडून राहिलो. (बोट भरून चाचणी करू नका! ५ सेंमी पाणी म्हणजे दीडशे किलो होतं आणि ट्रेसलवरचा (टेकूच्या घोड्यांवरचा) पातळ तळ वाकतो.) चार रिव्हेट पाझरत होते. चारच! त्यातले तीन पुन्हा ठोकून बंद झाले: मेव्हण्यानं बाहेरून डोक्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरला, मी आतून शेपटीवर हातोडीचे मोजके घाव घातले. दाबलेला रिव्हेट बंद होतो तेव्हा आवाज बदलतो, ठप्पचा टण्ण होतो. तो टण्ण ऐकायला मिळाला की दिवस सार्थकी लागतो.

चौथा झिजलेला होता. तिथे बंद टोकाचा पॉप रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून मारला. मागवले होते बंद टोकाचेच, पण पहिल्या खेपेला आले साधे, आरपार भोकवाले, वर लेबल मात्र बंद टोकाचं. पाण्याखाली ते वापरणं म्हणजे बोटीला नळ बसवणं. परत केले. रिव्हेट घेताना पाकीट फोडून एक तरी हातात घेऊन बघा.

आधीच्या मालकानं याच चार जागांवर व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन थापलं होतं. त्यातलं आम्ल पत्रा खातं, आणि ते काढल्यावरही असा तेलकट थर राहतो की त्यावर पुढे काहीच चिकटत नाही. खरवडायला अख्खी दुपार गेली. पॉलीयुरेथेन सीलंट वापरा, आणि ते कायमचं आहे हे समजून वापरा.

नव्या फोमसाठी ओतीव नको. एक्सपीएसचे (थर्मोकोलच्याच जातीच्या कडक फोमचे) तक्ते कापून बसवतोय, खाली २ सेंमीच्या प्लॅस्टिक पट्ट्या, म्हणजे पाणी खालून वाहील आणि वाटलं तर तक्ता बाहेर काढून बघता येईल. पेट्रोल या फोमला विरघळवतं, पण आपली मोटर इलेक्ट्रिक, त्यामुळे चिंता नाही. 'फोम घालूच नको, आणखी हलकी होईल' अशी सूचना आली होती. नाही! पत्र्याची बोट भरली की दगडासारखी जाते. पाण्याखाली ५५ किलो ॲल्युमिनियम साधारण ३५ किलो भरतं, वर बॅटरी आणि मोटर. एका कोरड्या बाकाचा फोम ९५ किलोंच्या वर उचलतो. ते सव्वातीन किलो मी आनंदानं वाहीन.

ट्रान्समसाठी तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड चालणार नाही, ओल्यात ते ॲल्युमिनियमला खातं. साधं मरीन प्लाय, कडांना इपॉक्सीचे तीन हात, बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीनं भरायची आणि मग मापाची पाडायची.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. मागे वजन किती नडतं हे एवढं तोलूनमापून कळलं, आणि मी बॅटरी पुन्हा मागच्याच बाकाजवळ ठेवायला निघालो होतो! मी मागे, मोटर मागे, वर शिशाची २८ किलोंची बॅटरी मागे. ती पुढच्या बाकाजवळ गेली पाहिजे. केबल जाऊन-येऊन ६ मीटर होईल. मोटर पूर्ण वेगात ५० ॲम्पिअर खाते. ६ चौरस मिमीच्या तारेत जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच गळतील, १६च्या तारेत ०.३ च्या आसपास. तर १६ची तार, आणि ब्रेकर बॅटरीच्या अगदी जवळ. लिथियमची १०० ॲम्पिअर-तासांची घेतली तर वजन १२ किलोंच्या आत येईल, पण मग पुढे तोल धरायला वजनच उरणार नाही. हं. म्हणजे सध्या शिशाचीच बरी. ज्या दिवशी पुढच्या बाकावर दुसरा माणूस नेमानं येईल तेव्हा बघू. (मेव्हण्याला गळ लावून तासभर गप्प बसणं जमत नाही.)

१२४२ घ्यायला हवी होती म्हणणाऱ्यांनो, मान्य. तळाची रुंदी ३६ची ४२ झाली की डुलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनानं वाढतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. उभं राहून गळ फेकताना तो फरक पायांना कळतो. पण ही आता घरची झालीय, मी बसून फेकीन.

मधल्या आणि पुढच्या बाकालाही एकेक भोक पाडून पाहिलं. कोरडी पिवळी भुकटी निघाली. भोकांना रबरी बूच लावलेत, दरवर्षी उघडून बघता येतील.

परवा ट्रान्सम आणि मागच्या फोमशिवाय, बाकाचा पत्रा जागेवर नुसता ठेवून तोलली: ४४.५. त्यात प्लायचे साडेआठ आणि फोमचे सव्वातीन मिळवा. ५६ आणि थोडं. आम्ही दोघांनी ती तशीच अर्धवट छतावर चढवून पाहिली, एका दमात गेली. मेव्हणा म्हणाला, आता अंगणातच गळ टाकू या.

प्लायवर इपॉक्सीचा दुसरा हात वाळतोय. तिसरा उद्या.