एक मत कमी

26 एप्रिल 2024, लोकसभेचं मतदान. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, जिल्हा परिषदेची शाळा. मी मतदान अधिकारी क्रमांक 2, म्हणजे 17-अ ची नोंदवही, जिच्यात मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि शाईची बाटली. साडेपाचला यंत्र तपासायला 50 मतांचं अभिरूप मतदान, सातला दार उघडलं.

सही घेण्यात काही कसब नाही. अंगठ्यात आहे. निंदून, कापूस वेचून रेषा झिजलेल्या असतात. जोरात दाबला की नुसता काळा डाग. हलका टेकवायचा आणि सरळ उचलायचा. हे प्रशिक्षणात कोणी सांगत नाही, तिथं तीन तास पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवतात.

क्रमांक 3 वर हायस्कूलचे एक सर. चिठ्ठी घ्यायची, बोटाची शाई बघायची, कंट्रोल युनिटवरचं बॅलट बटण दाबायचं. ते दाबलं तरच आडोशामागच्या यंत्रावर हिरवा दिवा लागतो आणि एक मत देता येतं; मत नोंदलं की बीप. हात गुंतलेला, तोंड मोकळं. अंगठे मोजत म्हणाले, "निदान दहावी पास तरी पाहिजे. नाहीतर इन्कम टॅक्स भरणारा. आपण भरतो, हे ठरवतात."

केंद्राध्यक्ष कागदातून मान वर न काढता बोलले, "इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात तसंच होतं. सारा, कर, शिक्षण बघून मत. संविधानाच्या कलम 326 नं ते मोडलं, प्रत्येक प्रौढाला मत दिलं."

मी खताच्या पोत्यावरच्या 5 टक्के आणि फवारणीच्या औषधावरच्या 18 टक्के जीएसटीची आठवण दिली. "तो वेगळा," सर म्हणाले. खरं सांगतो, फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला, हातात आला की माझ्याही मनात हेच येतं.

वाद रंगात असताना एक म्हातारी अंगठा देऊन पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. बराच वेळ बीप नाही. सर माझ्याकडं बघून हसले. तेवढ्यात तिनं मान बाहेर काढली.

"हिरवा लाईट नाई लागला ना बावा. मंग कायले दाबू?"

सरांनी बॅलट दाबलंच नव्हतं. दाबलं. थोड्या वेळानं बीप वाजला, म्हातारी निघून गेली.

एक वाजताची टक्केवारी कळवताना केंद्राध्यक्षांनी यंत्राचा टोटल बघितला. नोंदवहीपेक्षा एक कमी. पुन्हा मोजलं. एकच कमी. अकराला जुळलं होतं. म्हणजे मधल्या दोन तासांत कोणीतरी आत गेलं, मेलेल्या यंत्रावर बटण दाबलं आणि बीपची वाट न बघता घरी गेलं. बीप नाही वाजला हे खोलीतल्या आम्हा एकाच्याही कानावर आलं नाही.

"एकानं काय होते?" सर म्हणाले. टॅक्सचा विषय त्यानंतर निघाला नाही.

केंद्राध्यक्षांनी डायरीत फरक लिहिला. मतदार कोण, ते कळायला मार्ग नाही, आणि तो नसावाच. तरी सामान बांधण्याआधी मी त्या दोन तासांची पानं उलटून बघितली. सगळ्या ठसठशीत सह्या, दोन-तीन तर इंग्रजीत वळणदार. अंगठे चारच होते. चौथा तिचा, रेषा स्वच्छ उमटलेला.