आमची वाटचाल : ‘बस, बसला’पासून नव्वद अंशांपर्यंत

गॅरेज सुरू केलं तेव्हा आम्ही तिघंच होतो. मी, मिस्त्रीकाका आणि पाने हातात द्यायला एक पोरगा. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘टक्’ वाजणारा पाना, नव्हता. हेडचे, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचे, बोल्ट आवळता आवळता काका थांबायचे, पान्यावर हात तसाच ठेवून म्हणायचे, “बस, बसला.” त्यांचा हात खरंच चांगला होता. जुन्या, जाडजूड कास्ट आयर्नच्या हेडांना तो पुरूनही जायचा.

पुढे ॲल्युमिनियमची हेडं वाढली आणि आमची इंजिनं परत यायला लागली. ॲल्युमिनियम तापलं की कास्ट आयर्नच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे खालचं गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली गळती रोखणारी चकती, दर वेळी रगडलं जातं. बोल्टांचा ताण कमीजास्त असेल तर ते तिथूनच सुटतं. एक गाडी तर तीनदा आली. कूलंट कमी होतंय, ऑइलच्या झाकणाखाली साय, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. आम्ही गॅस्केटला शिव्या घालत होतो. तिसऱ्या वेळी हेडवर सरळपट्टी धरून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, लावला, तर मधोमध ०.१५ मिमीचं पातं अलगद आत गेलं. ०.०५ च्या आसपास असतं तर चाललं असतं. इंजिन गरम असतानाच एका टोकाकडून बोल्ट सोडत जायची आमची सवय. हेड आम्हीच वाकवलं होतं.

त्यानंतर टॉर्क रेंच आला आणि त्याबरोबर नियमही. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हेडला हात नाही. सोडताना बाहेरून आत, आवळताना मधून बाहेर, तेही टप्प्याटप्प्याने.

रेंच आला म्हणजे सगळं आलं, असं मला वाटलं होतं. पण रेंचला बोल्टचा ताण कळतच नाही, त्याला फक्त फिरवायला लागणारा जोर कळतो. त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. आटे गंजलेले असले की ‘टक्’ वाजतं आणि बोल्ट मात्र ढिलाच. म्हणून आटे साफ करायचे आणि मॅन्युअल सांगेल तसा आट्यांना व डोक्याखाली ऑइलचा हात फिरवायचा.

हात फिरवायचा, ओतायचं नाही. हे आम्ही एक ब्लॉक घालवून शिकलो. पोराने बंद भोकांत पिचकारीने ऑइल सोडलं होतं. बोल्ट खाली गेला, ऑइलला निघायला वाट नाही. रेंच वाजायच्या आधीच खालून बारीकसा आवाज आला, आणि ब्लॉकवर केसाएवढी रेघ. त्या दिवशी कुणी कुणाला बोललं नाही. ब्लॉक आम्ही भरून दिला. आता हेड चढवण्याआधी प्रत्येक भोकात हवा मारतो, मारताना चष्मा लावतो.

अंशांवर आवळायचे बोल्ट आले तेव्हा काकांनी काम कमी केलं होतं. पहिला टप्पा न्यूटन-मीटरमध्ये, म्हणजे रेंचच्या जोरावर, पुढे बोल्ट आणखी ९० अंश फिरवायचा, कुठे पुन्हा ९०. प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा, तो पाठ असला तरी मॅन्युअल उघडायचंच. यातले बरेच बोल्ट कायमचे लांबतात, म्हणून ते परत लावत नाही. “चांगले तर दिसतायत,” असं गिऱ्हाईक म्हणालं की जुना आणि नवा बोल्ट शेजारी उभे करतो. जुन्याची मान बारीक झालेली पुष्कळदा डोळ्यांनीच दिसते. तरीही नको म्हणणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.

मागे काका सहज आले होते. हेड बसवणं चाललं होतं, त्यांनी हौसेने रेंच मागून घेतला. शेवटच्या टप्प्यात मध्येच थांबले. “अरे, हा घट्टच होईना, नुसता फिरतोय. तुटेल.”

ऑइल ओतणारा तो पोरगा आता आमचा मुख्य मिस्त्री आहे. अंश दाखवणाऱ्या डायलवरची नजर न काढता तो म्हणाला, “काका, त्याला तसंच ताणायचंय. अजून तीस अंश बाकी आहेत.”